श्वासांचा डोंगर

एका राज्यात एकट्याने गाता येत असे, दोघांना मिळून गाता येत नसे. दोन माणसांनी एकच ओळ धरली की सूर हवेतच गोठत आणि खडे होऊन त्यांच्या पायांशी पडत. म्हणून त्या राज्यात आई अंगाई म्हणू लागली की आजी थांबे, वऱ्हाडं मुकाट चालत, आणि देवळासमोर लोक पाळीपाळीने आरती म्हणत.

असं नेहमीच नव्हतं. पूर्वी तिथं चौघांचा एक ताफा होता. राणबा गवई, दळण दळणारी तुळा, भिवा नावाडी आणि बिरू धनगर. ते गाऊ लागले की चालत्या माणसाचा पाय थांबे. एका सणाला सुबाहू राजाने विचारलं, “तुम्हां चौघांत श्रेष्ठ कोण?” उत्तराची वाट न पाहता त्याने सोन्याचा कंठा राणबाच्या गळ्यात घातला. राणबाने तो घालून घेतला. त्याच संध्याकाळी बाकीचे तिघे तीन वाटांनी निघून गेले.

डोंगरमाथ्यावर धूम्रकेश नावाचा जादूगार राहत असे. रोज संध्याकाळी त्या चौघांचं गाणं ऐकून तो जेवायला बसे. त्या संध्याकाळी गाणं आलं नाही. त्याने कारण जाणलं आणि कंठ्याला शाप दिला. तेव्हापासून राज्यात सूर गोठू लागले आणि कंठा दर पुनवेला थोडा आवळू लागला. तो गळ्यातून निघेना, तुटेना. राणबाचा आवाज गेला. मग जेवण कमी झालं. आता श्वासही शीळ घालत येऊ लागला.

राणबाची लेक हंसावळी तेव्हा दूर समुद्रापार गंधर्वांच्या शाळेत शिकत होती. बापाची अवस्था कळताच ती विद्या अर्धी टाकून परतली. वेशीवर एक साळुंकी बसली होती.

“आलीस का, गंधर्वबाई?” साळुंकी म्हणाली. “काय शिकून आलीस?”

“चार कंठांचा एक कंठ करायला.”

“अगं बाई! इथं तर दोघांचं पटत नाही. येत्या पुनवेनंतर तुझा बाप श्वास घेणार नाही, ठाऊक आहे ना?”

“म्हणूनच आले. धूम्रकेशाची वाट दाखव.”

धूम्रकेश एका शिळेवर बसून वारा विंचरत होता. हंसावळीने नमस्कार केला. तो म्हणाला, “मोडलं ते जुळव, कंठा उघडेल. तीन कामं आहेत. तुटलेल्या तिघांना एका परातीत जेवायला बसव. मग सगळ्यांचं असेल असं एक गाणं कर. शेवटी ते गाणं माझ्या माथ्यावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अखंड म्हणा. मध्ये क्षणभरही शांतता पडता कामा नये. या शेवटच्या कामासाठी तीन सूर्य, म्हणजे तीन दिवस देतो. चौथा नाही.”

“पुरेत,” हंसावळी म्हणाली. सोबत आलेली साळुंकी हसली.

पहिलं काम सोपं वाटलं, पण ते सोपं नव्हतं. तुळा म्हणाली, “आधी भिव्याला विचार. तो येणार असेल तर मी नाही.” भिवा म्हणाला, “बिरूला आधी बोलावलंस ना? मग मी उरलासुरला का?” बिरू मेंढरं मोजू लागला.

हंसावळीने रुसवे काढले नाहीत. ती म्हणाली, “बिरूमामा, बाबांना आडवं झोपता येत नाही. बसून रात्र काढतात.” हेच तिने भिवाला सांगितलं, हेच तुळाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुळा पीठ घेऊन आली, भिवा मासे घेऊन आला, बिरू लोण्याचा गोळा घेऊन आला. राणबा दारात उभा होता. त्याला बोलता येईना. त्याने हात जोडले.

“राहू दे,” तुळा म्हणाली. “इतक्या वर्षांत एकदाही दळण घेऊन आला नाहीस. त्याचा राग जास्त आहे मला.”

“भाकरी करपतेय, तुळे,” भिवा म्हणाला.

“तुझं लक्ष अजून भाकरीवरच!”

बिरूने परात ओढली. चौघं जेवले. पहिलं काम झालं.

मग हंसावळीने गंधर्वांचं गाणं शिकवायला घेतलं. तिघांनी तोंड उघडलं आणि अंगणात खड्यांचा ढीग पडला.

“छान गाणं आहे,” बिरू म्हणाला, “पण यात माझी मेंढरं कुठं उभी राहायची?”

हंसावळी चिडली, मग विचारात पडली. तिने गंधर्वांचे शब्द बाजूला ठेवले आणि म्हणाली, “मावशी, जात्यावर बसता तेव्हा काय म्हणता?” तुळाने जात्याचा घरघरता ठेका धरला. भिवाने त्यावर वल्ह्यासारखी लांब ओळ टाकली. बिरूने माळावरची हाळी उंच फेकली. हंसावळीने शाळेत शिकलेला खर्ज त्या सर्वांखाली अंथरला.

*जातं फिरलं, नाव निघाली, मेंढरं गेली माळाला,*
*उगवत्या दिवसा, बस जरासा, भाकर घे न्याहारीला.*

एकही खडा पडला नाही. भिवाने अंगणभर पाहिलं, तुळाचा पदरही झटकून पाहिला. “अरे, सोड!” तुळा ओरडली आणि हसली. दुसरं काम झालं.

तिसऱ्या कामासाठी ते माथ्यावर गेले. भिवाने राणबाला पाठीवर घेतलं. सूर्य उगवला, गाणं सुरू झालं. गंधर्वांच्या शाळेत शिस्त कडक होती. हात वर झाला की सर्वांनी सूर धरायचा, खाली आला की सर्वांनी एकदम श्वास घ्यायचा. हंसावळीचा हात खाली आला. चौघांनी एकदम श्वास घेतला. त्या क्षणी माथ्यावर शांतता पडली. कंठा करकरला आणि राणबाने गळा धरला.

“एक सूर्य गेला,” धूम्रकेश म्हणाला.

दुसऱ्या पहाटे हंसावळीने बजावलं, “श्वास लांबवा. माझा हात खाली येईपर्यंत कोणीही थांबायचं नाही. बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे.” तिघांनी माना डोलावल्या. सूर्य हातभर वर आला आणि तुळाला ठसका लागला. ती थांबली.

“मावशी, थांबलात का?” हंसावळी कडाडली.

तिच्या आवाजाने भिवा दचकून गप्प झाला. बिरूने तिच्या हाताकडे पाहिलं आणि तोही गप्प झाला. कंठा पुन्हा करकरला. राणबाचे ओठ काळे पडले.

“आता एकच सूर्य,” धूम्रकेश म्हणाला. त्याने तोंड फिरवलं.

हंसावळी बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिला मघाचा क्षण आठवत राहिला. तुळा थांबली होती, पण जात्याचा ठेका भिवाने पायाने धरला होता आणि बिरूची हाळी वर तरंगत होती. गाणं चालू होतं. ते आपण मोडलं. आपल्या ओरडण्याने मोडलं.

ती उठली आणि तुळाच्या पाया पडली. “मावशी, चूक माझी. उद्या कोणीही माझ्या हाताकडे पाहू नका. ज्याला लागेल त्याने, लागेल तिथं श्वास घ्या. पाणी प्या. फक्त थांबण्याआधी शेजाऱ्याचा आवाज ऐका. तो असेल तर बिनधास्त थांबा.”

“आणि तू?” बिरूने विचारलं. “तू कधी थांबणार?”

“मी थांबणार नाही.”

“मग तू अजून आमच्यातली नाहीस, पोरी.”

तिसरा सूर्य उगवला. तुळा थांबली, भिवाने ओळ उचलली. भिवा पाणी प्याला, बिरूची हाळी लांबली. बिरूने दम घेतला, तेव्हा जात्याचा ठेका पुन्हा आला. माथ्यावरचे दगड तापले, सावल्या आखडल्या आणि परत लांब झाल्या. हंसावळी एकटी अखंड गात होती. कलत्या उन्हात तिचा आवाज चिरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण सुटलो तर खालचा सूर जाईल आणि बाप जाईल, असं तिला वाटलं.

बिरूने गाता गाताच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

हंसावळी थांबली.

तिने कान दिले. खर्ज तिथंच होता. तुळाने तो आपल्या भरड आवाजात उचलला होता. तो गंधर्वांसारखा नव्हता, पण जमिनीसारखा भक्कम होता. हंसावळी पहिल्यांदा ते गाणं बाहेरून ऐकत होती. ती पोटभर श्वास घेऊन परत आत शिरली.

सूर्य बुडाला. कंठ्याचा फास आपोआप सुटला आणि कंठा राणबाच्या मांडीत पडला. राणबाने एवढा मोठा श्वास घेतला की पुढ्यातलं गवत वाकलं. काम संपलं होतं, तरी कोणी थांबेना. राणबाने घोगऱ्या आवाजात दुसरी ओळ धरली, तेव्हा तुळाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने आपली ओळ त्याच्यावर सोपवली.

धूम्रकेश जेवायला बसला.

खाली राज्यात तोच सूर उतरला. वेशीवर बायका एका आवाजात गाऊ लागल्या. सुबाहू राजा अनवाणी डोंगर चढून आला. “राणबा, या कंठ्याचं काय करू?”

“महाराज, वितळवा,” तुळाच मध्ये म्हणाली, “आणि डोंगरावर पाण्याची टाकी बांधा. घसा फार कोरडा पडतो हो.”

राजाने टाकी बांधली. ताफा गात राहिला. पुढे बिरू पावसाळ्यात मेंढरांमागे दूर जाई, तेव्हा भिवाची भाची त्याची हाळी देई, आणि तो परतला की दोघं देत. तुळाच्या दोन सुना आल्या, एक कासार आला, त्याच्या बांगड्यांचा नाद आला. खालच्या गावात दुसरा ताफा झाला. त्यांनी नावेची ओळ काढून बैलांची घातली, आणि भिवा त्यांच्याशी दोन दिवस भांडून तिसऱ्या दिवशी ती शिकून आला. हंसावळी गावोगाव फिरून नवे ताफे बसवू लागली. गाणं नीट उभं राहिलं की ती मुकाट उठे, वहाणा घाली आणि वाटेला लागे. मागून येणारं गाणं बराच वेळ ऐकू येत राही.

ते राज्य सुखी झालं. ऐकणाऱ्यांच्या घरीही गाणाऱ्याला साथ मिळो.