रिकाम्या ट्रेलरचा ब्रेक

एक वृद्ध मिस्त्री घाटाच्या माथ्यावर गॅरेज चालवीत असे. जीपमागे जोडायच्या ट्रेलरना विजेचे ब्रेक बसवणे हे त्याचे काम. सुदाम नावाचा त्याचा शिष्य आता स्वतंत्रपणे काम करू लागला होता.

एके सकाळी जवळच्या गावचा एक धान्याचा व्यापारी पत्नीसह आला. त्याच्या जीपमागे ट्रेलर म्हणजे चाकांवरचे छोटेसे घर होते. ते त्याने तिघांच्या प्रवासासाठी घेतले होते. पण चैत्रात मुलगी तापाने गेली. आता पत्नीला गावात राहवत नव्हते. दोघे घाट उतरून कायमचे समुद्राकडे निघाले होते.

व्यापाऱ्याने सर्वांत जोरकस ब्रेक मागितला. सुदामने समजावले, की जीप जेवढ्या जोराने थांबेल तेवढ्याच जोराने ट्रेलरला थांबवणारा ब्रेक हवा. तसा नियंत्रक निवडून त्याने तो चालकापुढे बसवला, सपाट रस्त्यावर फेरी मारून जोर ठरवला. ट्रेलर अलगद थांबला. व्यापारी समाधानी झाला.

तेवढ्यात वृद्धाने जीपमध्ये हात घातला आणि नियंत्रकावरची जोर कमी-जास्त करायची चकती शून्यावर आणून ठेवली. म्हणाला, आधी घरी जा आणि बरोबर न्यायचे ते सगळे भरून आणा.

व्यापारी चिडला. दोन माणसे आणि चार भांडी, त्यात भरायचे काय? तुझ्या वस्तादाचे वय झाले, असे त्याने सुदामला ऐकवलेही. जीपमध्ये बसलेली पत्नी तेव्हा प्रथमच बोलली.

"सगळं?"

"सगळं, बाई. यांना न सांगता काही न्यायचं असेल, तर तेही."

दुपारी ते परतले तेव्हा ट्रेलरमध्ये मुलीचे लोखंडी कपाट होते, शिलाई मशीन होते, पुस्तकांनी भरलेली ट्रंक होती. पत्नीने हे शेजारणीकडे लपवून ठेवले होते. निघायच्या वेळी शेजाऱ्यांकरवी गुपचूप चढवायचा तिचा बेत होता. सुदामने चकती सकाळच्या जागी आणली आणि गॅरेजमागच्या उतारावर एकट्याने जीप नेली. ब्रेक दाबताच ट्रेलरने जीपला मागून असे रेटले, की ती कडेच्या दगडाला टेकूनच थांबली. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

सुदाम जोर वाढवू लागला, तर वृद्धाने त्याचा हात धरला.

"शेठ, तुमचं सगळं आलं?"

व्यापारी जीपकडे गेला. मग त्याने जीपच्या सीटखालून मुलीच्या चपला काढल्या. "यांना वजन ते काय," असे तो पुटपुटला. पत्नी त्याच्याकडे पाहतच राहिली. नवऱ्याने मुलीला पुसून टाकले, असे ती इतके दिवस धरून बसली होती. तिने चपला घेतल्या आणि कपाटात ठेवल्या. मग भरल्या ट्रेलरवर ब्रेक जुळवला गेला आणि ते दोघे निघाले.

"वस्ताद," सुदामने विचारले, "चपलांनी ब्रेकला काय फरक पडणार होता?"

"ब्रेकला काहीच नाही. पण त्या दोघांनी एकमेकांपासून ओझी लपवली होती रे. रिकामा समजून जुळवलेला ब्रेक भरल्या ट्रेलरला उतारावर कामाला येत नाही."

"आता तरी त्यांचं हलकं होईल?"

"नाही. ब्रेकनं कधी वजन घटलंय? ते तेवढंच राहील, शेवटपर्यंत."

"मग आपण काय केलं?"

"आता ते मागून ढकलणार नाही. एवढंच."

सुदाम घाटाकडे पाहू लागला. खालच्या वळणावर ट्रेलरचे लाल दिवे लागले, विझले आणि पुढच्या वळणावर पुन्हा लागले.