मधधारेत बाबा उभे राहिले

“...मग बोलत का न्हाई बाबा? मार्तंडाला नावेवर ठिवू का नको?”

तुळाजीनं पुन्यांदा इचारलं. सोमगिरी बाबा मठाच्या घाटावर बसून टाचंची भेग दगडानं घासत व्हते. त्यांनी मान वर केली न्हाई.

तुळाजी म्हंजे बाबांचा थोरला चेला. बाबांच्या मागं गादी त्यालाच, असं समदं गाव धरून चाललं व्हतं. तो सोता तर कवाचाच धरून बसलेला. त्यात मठाच्या नावेवर नवा नावाडी बघायचं काम बाबांनी त्याच्यावर टाकलं. मग काय, छाती आनखी फुगली.

पर काम साधं नव्हतं. पल्याडच्या वाडीची पोरं त्याच नावेनं अल्याड शाळेला येत. गेल्या पावसाळ्यात नाव उलटली. गावचा पाटील मधधारेत नावेतच उभा राहून काठावरच्या मानसांना हात करत व्हता, आन म्हातारा नावाडी हात जोडून “बसा मालक... बसा मालक...” करत राहिला. पाटील पोहून निघाला. दोन पोरं न्हाई निघाली. त्यातली एक तुळाजीच्या भनीची. नुसतं दप्तर घावलं तिचं.

म्हनून तुळाजीनं डोळ्यांत तेल घालून मानूस निवडला व्हता.

मार्तंड कसा? उंचापुरा गडी, इस्त्रीचा सदरा, छातीवर नावेच्या शर्यतीचा पितळी बिल्ला, गळ्यात बाबांच्या फोटूचं लॉकेट. आल्या आल्या आडवा पडून दंडवत घातला, त्यो बी तुळाजीला. निवड तिथंच झाली म्हना की.

दुसरा एक आला व्हता, गणू भोई. त्यानं दंडवत सोडा, रामराम बी घातला न्हाई. नावेभवती एक फेरी मारली आन इचारलं, “ह्ये डांबर कुन्या गाढवानं फासलंय?”

डांबर तुळाजीनं फासलं व्हतं.

“दोघं बी हायेत न्हवं घाटावर?” बाबा एकदाचे बोलले. “एकेकाला घे. पल्याड जाऊन यू.”

आदी मार्तंड. त्यानं नावेच्या म्होरल्या टोकावर, नाळेवर, नारळ फोडला, कुकू लावलं, आन काय नाव हाकली! पानी चिरत गेली. तुळाजी बाबांकडं असा बघत व्हता, जनू सोताच वल्हं मारतोय.

मधधार आली आन बाबा उभे राहिले.

आता मठाची एक रीत हाय. बाबा उभे असले की कुनी बसून ऱ्हायचं न्हाई. जेवत असला तर ताटावरनं उठायचं. तुळाजी झटक्यात उठला. मार्तंडानं वल्हं सोडलं, त्यो बी उठला, हात जोडून, डोळं मिटून उभा!

नाव एका अंगाला कलली. भसाभसा पानी आत आलं.

बाबा बसले. मग दोघं बी बसले.

“भक्ती बघा बाबा, भक्ती!” तुळाजी धाप टाकत म्हनला.

बाबांनी धोतराचा भिजलेला सोगा पिळला.

परत आले, आन गणूची पाळी. त्यानं नारळ फोडला न्हाई. आदी नावेतलं पानी उपसलं. मग म्हनला, “ए चेल्या, तू मागं. म्हातारबाबा, तुमी मधी. आन हलायचं न्हाई.”

तुळाजीचं डोकं तापलं. बाबांना असं कोन बोलतं? पर बाबा गुमान मधी बसले.

मधधार आली. बाबा उभे राहिले. तुळाजी उठाया गेला...

खाडकन आवाज झाला.

गणूनं बाबांच्या थोबाडीत ठिवून दिली व्हती.

“खाली बस म्हाताऱ्या! मरायचं तर एकटा मर!”

आन वल्ह्याचा दांडा तुळाजीच्या नडगीवर. दोघं बी मटकन खाली. नाव सरळ चालली व्हती.

तुळाजीचं तोंड उघडं ते उघडंच. कानात शिट्टी वाजाय लागली, जनू थोबाडीत त्याच्याच बसली. बाबांच्या गालावर बोटं उठलेली त्याला दिसत व्हती, आन डोळ्यांवर इस्वास बसत नव्हता. आभाळ पडलं न्हाई. नदी बी व्हती तशीच वाहत व्हती.

पल्याड पाय लागला तवा कुठं त्याला वाचा फुटली.

“बाबा, ह्याला मी हितंच गाडतो!”

“ह्याला ठिवला.”

“आँ?”

“उद्यापास्नं पोरं ह्योच न्हेईल.”

“तुमच्यावर... तुमच्यावर हात टाकला त्यानं! मार्तंड तुमाला देव मानतो, देव!”

“त्येवढं बघितलंस तू. पोरं नावेत असताना कुनी उठलं तर काय करशील, त्ये इचारलंस?”

तुळाजी नडगी चोळाय लागला.

“पगाराचं बोला आदी,” गणू मागनं म्हनला. “थोबाडीत मारायचं येगळं घेत न्हाई मी.”

बाबा गाल चोळत हसले. तुळाजीला हसू आलं न्हाई.

“मग माजं काय बाबा? गादीचं...?”

बाबा नावेत जाऊन बसले.

परतताना वारं सुटलं. मधधारेत भोवरा लागला. गणू दोनी हातांनी वल्ह्याला लोंबकळला, दात ओठ खात.

आन बाबा उभे राहिले.

तुळाजीचं गुडघं आपसूक उठाय लागलं. त्यानं मांड्या गच्च आवळून धरल्या. एक हात उचलला... हात हवेतच राहिला.

“ए चेल्या!” गणू वराडला. “माजे हात गुतलेत! बसव त्याला!”

“बसा बाबा...” तुळाजी म्हनला. “बसा की बाबा... बसा बाबा...”

आन त्याला दिसलं, आपले दोनी हात जोडलेले हायेत.

पानी काठावरनं आत आलं. बाबांनी वळून त्याच्याकडं बघितलं.

“उभाच हाय मी, तुळाजी.”