जून वेलाची उतरण

“म्हातारी पेशी काढून टाकली, तर बिघडलं कुठं?”

डॉक्टर महांतेशनं हे चौथ्यांदा विचारलं. आधीच्या तिन्ही वेळा सिद्रामअप्पांनी ते ऐकलं होतं, पण न ऐकल्यासारखं.

अप्पा पानमळ्यात उकिडवे बसून वेलाच्या गाठी सोडत होते. मिरजेच्या पूर्वेला, एका मठाच्या मागं हा मळा. मठाला स्वामी होते, पालखी होती, दिव्यांची कमान होती. लोक पाया पडायला स्वामींकडं जात आणि अडलं की मागच्या दारानं अप्पांकडं येत.

अप्पांचं वय चौऱ्याऐंशी. महांतेशचं छप्पन्न. पण दिसायचा तिशीतला. मागच्या वर्षी सुनेच्या माहेरची माणसं आली, आणि हा जावयाचा धाकटा भाऊ असेल असं समजून यालाच एक स्थळ सुचवून गेली, असं सांगतात. त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही पुष्कळ आहे.

त्याच्या उंदरांचं तर आणखीनच नवल. उंदीर जगतो दोन वर्षं, फार तर अडीच. याचे उंदीर पाचव्या वर्षी पिंजऱ्यातल्या चाकावर पळत होते. त्यांना दाणा घालणारा शिपाई निवृत्त झाला, त्याच्या निरोपसमारंभाचा पेढाही उंदरांनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी नव्या शिपायाला चावून त्याची हजेरी घेतली.

असा माणूस. परदेशातल्या सभागृहांत उभं राहून लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत. आणि आज तो मळ्याच्या चिखलात, पायांत मोजे घालून उभा होता.

मळ्यात चप्पल चालत नाही. बूट त्यानं कुंपणाबाहेर काढले होते. मोजे मात्र काढले नव्हते.

“मोजे काढ की गा,” अप्पा म्हणाले होते.

“काटाबिटा लागेल, अप्पा.”

“लागला तर लागला. न्हानपणी काय मोजं घालून हिंडत हुतास?”

त्यावर तो हसला होता. पण मोजे काढले नव्हते.

आता अप्पांनी मान वर केली. त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“दाढी का वाढवलीस?”

“अप्पा, मी काय विचारतोय...”

“ऐकलं. पेशी म्हातारी झाली म्हंजे काय हुतं, सांग.”

महांतेशला बरं वाटलं. इथं त्याची पकड होती.

“पेशी ठरावीक वेळा दुभंगते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. मग थांबते. पण मरत नाही, अप्पा. बसून राहते. काम नाही, धंदा नाही, वर शेजारच्या धडधाकट पेशींच्या अंगावर थुंकत राहते. त्याही सडतात. म्हातारपण म्हणजे दुसरं काही नाही, या बसलेल्या पेशींची गर्दी.”

“आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांवाणी.”

“अगदी तशी. माझं औषध तेवढ्यांनाच मारतं.”

“आणि पार?”

“मोकळा होतो.”

एक गाठ सुटत नव्हती, ती अप्पांनी दातांनी सोडवली.

“मग नीलव्वाचा पाय का कापायलेत?”

...

नीलव्वा म्हणजे महांतेशची थोरली बहीण. अक्का. आईबाप गेले तेव्हा हा सहा वर्षांचा, ती वीस. याच मळ्यात अंगठ्यात लोखंडी नख अडकवून तिनं चाळीस वर्षं पानं खुडली आणि याला डॉक्टर केला. मळ्याच्या कामाला हात लावू दिला नाही. कुंपणाशी पोतं अंथरून द्यायची. त्यावर हा आणि त्याचं पुस्तक.

अकरा महिन्यांपूर्वी महांतेशनं तिला औषध सुरू केलं. कुणाच्या परवानगीनं, ते विचारू नका. सत्तर वर्षांची बाई. दोन महिन्यांत गुडघ्याची कुरकुर गेली. चौथ्या महिन्यात ती विहिरीच्या पायऱ्या दोन-दोन करून चढायला लागली, आणि शेजारणी मारुतीला सोडून तिच्या पायाकडं बघायला लागल्या.

नवव्या महिन्यात बांबूची चोय नडगीला घासली. नखाएवढं खरचटलं.

आता ती जखम तळहाताएवढी होती. मिरजेच्या दवाखान्यात तिचा पाय उशीवर ठेवलेला, आणि त्या खोलीत शिरताना नर्सबाई तोंडाला दोन-दोन फडकी बांधायच्या. उद्या सकाळी दहाला गुडघ्याच्या वर कापायचं ठरलं होतं.

महांतेशचा हिशेब वेगळा होता. जखमेभोवती काही म्हाताऱ्या पेशी उरल्या असणार. त्याच भरू देत नाहीत. औषधाची दुप्पट मात्रा आजच दिली, तर पाय वाचेल. औषध त्याच्या खिशात होतं.

पण अक्कानं उशीवरची मान हलवली होती. “अप्पा घे म्हणाले तर घेते. त्यांना सगळं सांग आणि इचारून ये.”

म्हणून तो आला होता. एका ‘हो’साठी.

...

“सगळं सांगितलं, अप्पा. आता हो म्हणा.”

“थांब. हे संपू दे.”

अप्पांनी वेल शेवरीच्या झाडावरून अलगद खाली ओढला. पुरुषभर लांब. खालचा सगळा भाग उघडा, तपकिरी, गाठीगाठींचा. पान म्हणून एक नाही. फक्त शेंड्याला वीतभर हिरवं. अप्पांनी त्या उघड्या वेलाचं वेटोळं केलं, बुडाशी खड्डा होता त्यात बसवलं, वर माती आणि शेणखत ओढलं. शेंडा तेवढा बाहेर ठेवून लव्हाळ्यानं शेवरीला बांधला.

याला उतरण म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळा मळा असा उतरवायचा. वेल पुन्हा जमिनीपासून चढायला लागतो.

“जून भाग गाडता कशाला?” महांतेश म्हणाला. त्याला राहवलं नाही. “पान देत नाही. जागा अडवतो. कुजला तर शेंड्याला रोग लागेल.”

“आमी आपलं गाडतो.”

“पण का?”

“बा गाडायचा.”

महांतेश हसला. सभागृहातलं हसू.

अप्पांनी विळा त्याच्यापुढं धरला.

“पुढचा तू उतरव. तुझ्या मनासारखा.”

विळा बघून महांतेश अर्धं पाऊल मागं सरला. मग खिशातून रुमाल काढला, उजव्या हाताला तळव्यापासून मनगटापर्यंत गुंडाळला, दातांनी गाठ मारली. तेव्हा कुठं विळा हातात घेतला.

अप्पा बघत होते.

त्यानं वेल खाली ओढला. बुडाशी एक घाव. शेंड्याखाली दुसरा. मधला सगळा जून वेल उचलून बांधाकडं भिरकावला. शेंडा मातीत खोचला, शेवरीला छान बांधला. उभा राहून त्याच्याकडं बघितलं.

खरंच देखणा दिसत होता. अप्पांच्या वेलापेक्षा हिरवा. खाली ना वेटोळं, ना मातीचा उंचवटा.

“हे बघा. साफ.”

“साफ,” अप्पा म्हणाले.

“लागेल की नाही? शेंड्याचं कलम लागतं, मला माहीत आहे.”

“लागतं. या दिवसांत धा खोचले तर चार जगतात.”

“मग?”

“सा जळतात.”

“पण चार तर...”

“चार समद्यांना दिसतात, लेका. शेवरीवर चढतात, पान देतात, येणारा जाणारा बघतो. साचं काय झालं ते मळेकऱ्यानं सांगायचं असतं.”

वर शेवग्यात एक खार ओरडत होती. ती थांबली.

अप्पांनी हातावरची माती झटकली.

“तुझं उंदीर किती हुतं?”

“...शंभर.”

“समदे पळत्यात?”

“शहाऐंशी. पाच वर्षं. जगात कुठं झालं नव्हतं, अप्पा.”

“आणि बाकीचे?”

“ते म्हातारपणानं गेले नाहीत. ते अपघात. त्यांना मोजत नाहीत.”

“कसला अपघात?”

“पिंजऱ्यात एकमेकांना चावले.”

“चावल्यानं उंदीर मरतो?”

महांतेशनं रुमालाची गाठ चाचपली.

“आरं, आमच्या कणगीतला उंदीर मांजराच्या तोंडातनं सुटतो आणि चार दिसांत परत ज्वारी खातो. तुझे चावल्यानं मेले?”

“...जखमा भरल्या नाहीत.”

“किती?”

“चौदा.”

“चौदातली एक तरी भरली?”

“नाही.”

...

पाटाचं पाणी तेवढं वाहत होतं.

मग महांतेश आपणहून बोलायला लागला. हळू. सभागृहातला आवाज कुठं गेला होता, कोण जाणे.

“मी तेव्हा स्वतः घेत होतो, अप्पा. सहा महिने झाले होते. पिंजऱ्यात ते बघितलं आणि त्या दिवसापासून पातं हातात धरलं नाही. दाढी केली नाही. सुई टोचून घेतली नाही. अंधारात चाललो नाही.”

“आणि नीलव्वाला?”

“तिला त्यानंतर दिलं.”

अप्पांनी डोळे मिटले.

“मला वाटलं... अक्का कुणाशी भांडत नाही. तिला कोण चावणार?”

हे बोलून तो हसायला गेला. हसू अर्ध्यात अडकलं आणि तोंड तसंच वाकडं राहिलं. तिशीतलं ते तोंड. एक सुरकुती नाही.

अप्पा उठले. गुडघे वाजले. बांधापाशी जाऊन त्यांनी भिरकावलेला जून वेल उचलला आणि आणून त्याच्यापुढं धरला. जिथं जिथं गाठ होती, तिथं तिथं बारीक पांढरे कोंब बाहेर आलेले होते. तांदळाच्या कणीएवढे.

“हे काय?”

“मुळ्या,” अप्पा म्हणाले. “मातीची वाट बघत हुत्या.”

महांतेशनं वेल हातात घेतला. एक गाठ बघितली, मग दुसरी, मग तिसरी. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा होता तो. बसलेली पेशीही अशीच जखमेची वाट बघत बसलेली असते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो एकदम गुडघ्यांवर बसला. विळा बाजूला टाकून बोटांनी माती उकरायला लागला, वेलाचं वेटोळं करून खड्ड्यात कोंबायला लागला. एक टोक बुडाशी धरलं, दुसरं शेंड्याशी. दोन्ही हातांनी दाबून धरलं, जसं काही जोरानं धरलं की जुळेल.

“अप्पा, जुळेल? ...अप्पा?”

अप्पांनी ओंजळभर पाणी आणून बुडाशी घातलं. नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले नाहीत.

पाणी मातीत गेलं. शेंडा उन्हात उभा होता. अजून हिरवाच.

कधीतरी महांतेशनं हात काढून घेतले. घड्याळ बघितलं. भेटीची वेळ चारला सुरू होत होती. गाडीनं गेलं तर पाऊण तास.

खिशातली बाटली त्यानं काढली, बघितली, परत ठेवली.

“पाय कापला तर तीही जखमच,” तो म्हणाला. “केवढी तरी मोठी. आणि नाही कापला तर...”

“व्हय.”

“म्हणजे दोन्हीकडून...”

“व्हय.”

“अप्पा, ती दाराकडं डोळे लावून बसली असेल. मी आत गेलो की एवढंच विचारेल, अप्पा काय म्हणाले. काय सांगू तिला?”

अप्पांनी त्याचा हात ओढून घेतला. रुमालाची गाठ सोडली. एक-एक वेढा उलगडला. खालचा तळवा गोरा, मऊ, लहान मुलासारखा. त्याच्यावर त्यांनी आपला चिरांनी भरलेला हात क्षणभर ठेवला.

मग विळा उचलला आणि पुढच्या वेलाकडं वळले.

“आधी ते चौदा सांग.”