सुरईखालची चकती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. जपानातल्या एका कुंभारघराण्याच्या भट्टीत घडलेली चिनी मातीची सुरई परदेशात शिकून-मिरवून माहेरी परतली. तिला वाटलं होतं, सगळी भांडी स्वागताला जमतील आणि आपण त्यांना सांगू, "माझ्यासारखं स्वतःच्या बळावर उभं राहा!" दिसला तो भट्टीमागे फेकलेल्या मातीच्या चकत्यांचा ढीग.

"आल्या का बाईसाहेब?" ढिगातली एक चकती म्हणाली. "भट्टीत तुझ्या बुडाखाली मीच होते हो."

"माझ्याखाली? कुणीसुद्धा नव्हतं!"

"एकाच मातीच्या आपण. आगीत तू आकसलीस, तशी मीही आकसले. मी आकसले नसते, तर बूड अडकून तू तिथंच वाकडी झाली असतीस."

"मग तुला फेकलं का?"

"एकदा आकसलेली चकती पुन्हा आकसत नाही, म्हणून ती भट्टीतल्या एका भाजणीपुरतीच असते गं."

सुरईचा विश्वास बसेना. तिनं चकतीवर बूड टेकवून पाहिलं. ते तंतोतंत बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारे कुंभार इसाकु तिला दर्शनी फळीवर ठेवू लागले.

"आजोबा, मला भट्टीमागच्या ढिगातल्या माझ्या चकतीवर ठेवा."

"पाहुणे हसतील, पोरी."

"हसू देत. नाहीतर मलाही त्या ढिगात ठेवा."