पुसू नका, आजोबा

मुलांनो, तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल, धीटावर की भित्र्यावर?

एका फोटो स्टुडिओत म्हातारा लॅपटॉप होता. एकदा त्याच्या पोटात खरखर सुरू झाली आणि तो धास्तावला. "मी बंद पडलो तर रेवतीच्या लग्नाचे फोटो जातील! लग्न काही पुन्हा लागत नाही."

टेबलावरची चकचकीत हार्ड डिस्क म्हणाली, "आजोबा, फोटो मला द्या नि तुमच्याकडचे पुसून टाका. मला काही होत नाही!"

शेजारची काळी डिस्क कापऱ्या आवाजात म्हणाली, "मला पडायची फार भीती वाटते. मला द्या, पण तुमच्याकडचे पुसू नका."

"भित्री भागूबाई!" चकचकीत हसली.

लॅपटॉपने काळीलाच निवडले आणि एकही फोटो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा पाय वायरीत अडकला, काळी डिस्क फरशीवर पडून फुटली, आणि रेवती आपले सगळे फोटो लॅपटॉपमधून घेऊन गेली.