माजलेला हरीक

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

एका राज्यात धान्याचं एक मोठं कोठार होतं. पीक बुडालं की त्याची दारं उघडायची आणि घरटी धान्य वाटलं जायचं. रयतेचा जीव त्या कोठाराच्या भरवशावर असायचा, म्हणून तिथे चाकरी करणाऱ्यांना लोक मान देत.

कोठाराचा प्रमुख होता विसाजी कारभारी. माणूस सचोटीचा आणि कामाला वाघ. रयत जे खाते तेच आपल्या चुलीवर शिजलं पाहिजे, असा त्याचा नेम होता. नवं धान्य वाटायला काढलं की आपल्या वाट्याचं माप तो सगळ्यांच्या देखत घरी पाठवायचा. लोक म्हणत, "कारभारी खातोय ना? मग धान्य चांगलंच असणार."

पूर्वी त्या कोठारात सगळी शहरातलीच माणसं होती, एकमेकांच्या नात्यागोत्यातली. राजाने एकदा हुकूम काढला, "कोठार साऱ्या राज्याचं आहे. तिथे साऱ्या राज्याची माणसं दिसली पाहिजेत."

विसाजीने हुकूम मनापासून पाळला. खाडीकाठचे मापारी आणले, पठारावरचे हमाल आणले, रानातले राखणदार आणले. आणि डोंगरातून धान्य पारखायला एक बाई आणली. दरवर्षी दसऱ्याला राजा विचारायचा, "विसाजी, किती भागांतली किती माणसं?" विसाजी यादी वाचून दाखवायचा. यादीच्या शेवटी लिहिलेलं असायचं, 'डोंगरभाग: एक'. राजा खूश होऊन मान हलवायचा.

ती बाई मधल्या वयाची होती. अंगाने वाळकी, बोलायला कमी. तळहातावर चिमूटभर दाणे घेऊन ती नुसती हुंगायची आणि सांगायची की हे धान्य कुठल्या उतारावरचं, कधी मळलेलं. ती कधीच चुकत नसे.

पहिल्या दिवशी दुपारी ती आपली भाकरी घेऊन पडवीत सगळ्यांच्या पंगतीला बसायला गेली. शहरातल्या केसो मापाऱ्याने आपलं पान जरा बाजूला ओढलं. त्याच्या शेजारच्यानेही ओढलं. ती उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवली. विसाजीने ते पाहिलं. त्याच्या मनात आलं, नवी आहे, हळूहळू होईल सवय.

सवय झाली, पण ती पायरीची. सहा वर्षं ती तिथेच जेवली. सगळे तिला 'डोंगरीण' म्हणत. केसो तिच्या बोलीची नक्कल करायचा, ती 'तुमी' आणि 'ह्यो' म्हणाली की तोही मान वेळावून तसंच म्हणायचा. आधी आधी तीही हसायची. पुढे हसेनाशी झाली, आणि मग बोलेनाशी.

एकदा तिने विसाजीला हळूच सांगितलं की मागच्या भिंतीला ओल आली आहे, तिथला गहू किडेल. विसाजीने गहू हलवून घेतला आणि तो वाचला. राजाने विचारलं तेव्हा विसाजी म्हणाला, "केसोच्या माणसांनी वेळेवर हलवला." पोती उचलली होती केसोच्या माणसांनी, तेव्हा ते खोटं नव्हतं. ती तिथेच उभी होती. विसाजीला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एक वाईट वर्ष आलं. ऐन कापणीत पाऊस कोसळला आणि खालच्या मुलखातलं पीक शेतातच कुजलं. कोठाराचा तळ दिसू लागला. राजाने शिपाई पाठवून डोंगरातून हरीक आणवला. हे डोंगरउतारावरचं बारीक धान्य, भातासारखं शिजवून खातात. डोंगरातली माणसं पोती देताना हात हलवून काहीतरी सांगत होती. शिपायांना त्यांची बोली नीट कळली नाही, आणि त्यांनी परत विचारलंही नाही. त्यांनी चारशे पोती लादली आणि ते परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसाजीने सगळ्यांना अंगणात जमवलं. बाहेर लोकांची रांग लागलेली होती.

"उपाशी माणसं थांबलीत. आत्ताच वाटप सुरू करू," तो म्हणाला. "कुणाला काही सांगायचंय?"

त्या बाईने एका पोत्यात हात घातला होता. दाणे हुंगले होते, एक चावून थुंकला होता. ती पुढे आली.

"कारभारी, ह्यो हरीक माजलाया."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग केसो ओरडला, "अरे बापरे! हरीक माजला! बैलासारखा शिंगं उगारून अंगावर येतोय की काय?"

अंगण हास्याने दणाणलं. हमाल हसले, राखणदार हसले. विसाजीलाही हसू आवरलं नाही.

ती केसोकडे बघत नव्हती. ती विसाजीकडे बघत होती. त्याचं हसू ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग मागे जाऊन उभी राहिली.

"आणखी कुणाला काही?" विसाजीने डोळे पुसत विचारलं. कुणाला काहीच सांगायचं नव्हतं. त्याने आपल्या वाट्याचं माप भरून घरी पाठवलं आणि दार उघडलं.

ती गप्प बसली नाही. दारातून बाहेर जाऊन रांगेतल्या एकेकाला सांगू लागली, "नका खाऊ, माजलाया ह्यो." भुकेली माणसं तिला ढकलून पुढे सरकली. पण शहरात कोळशाच्या वखारीत राबणारी वीसएक डोंगरी घरं होती. त्यांना तो शब्द कळला. कापणीत भिजलेल्या हरकात नशा येते, जीव घेणारी, आणि त्याला डोंगरात माजणं म्हणतात. ती माणसं रिकाम्या थैल्या घेऊन रांगेतून बाजूला झाली आणि उपाशी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी विसाजीची बायको गोदा चुलीपुढून उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली.

"अहो, हे बघा ना, हात माझे स्थिर राहतच नाहीयेत," ती म्हणाली. तिची बोटं थरथरत होती. दुपारपर्यंत तिचे डोळे फिरले. विसाजीचंही डोकं गरगरत होतं, पण तो उभा राहू शकत होता. शेजारच्या घरातून रडणं ऐकू आलं, मग समोरच्या. म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी गेली. दिवस मावळायच्या आत गोदा गेली.

तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असताना विसाजीला 'माजलाया' या शब्दाचा अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाला अग्नी देऊन तो तसाच कोठाराकडे धावला. फाटकापाशी सारं शहर लोटलं होतं. मध्ये ती बाई उभी होती, आणि केसो पायरीवर चढून ओरडत होता. त्याचा धाकटा मुलगा आदल्या दिवशी गेला होता.

"डोंगऱ्यांच्या एका तरी घरात कुणी मेलंय का? विचारा हिला! हिने आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं!"

"समद्यांना सांगितलं म्या," ती म्हणाली. "कारभाऱ्यांना बी सांगितलं."

सगळ्या माना विसाजीकडे वळल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कारभारी, खरंय का हे? तुम्हाला सांगितलं होतं हिने?"

ती त्याच्याकडे बघत होती.

हो म्हटलं, तर हे सारे मेलेले लोक त्याच्या माथ्यावर येणार होते. गोदासुद्धा. तो गप्प राहिला. फार वेळ नाही, एक श्वास आत घेऊन सोडायला लागतो तेवढाच.

तेवढ्यात पहिला दगड सुटला.

"सांगितलं होतं!" विसाजी ओरडला. "मला सांगितलं होतं! थांबा!" तो गर्दीत घुसला, लोकांचे हात धरू लागला. पण आता कुणाला काही ऐकू येत नव्हतं. तो मध्यभागी पोहोचला तेव्हा तिचा जीव गेला होता.

दुसऱ्या दिवशी राजाने दरबार भरवला. विसाजीने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"तिने बजावलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?" राजाने विचारलं.

"हसलो, महाराज."

राजा म्हणाला, "तिचं नाव काय होतं?"

विसाजीने केसोकडे पाहिलं. केसोने मान खाली घातली. कारकुनाने यादी उघडली आणि मिटली. सहा वर्षं रोज जिला हाक मारली, तिचं नाव कोठारातल्या एकालाही सांगता आलं नाही.

राजाने ती यादी आपल्या हातात घेतली. मग म्हणाला, "मी दरवर्षी माणसं किती ते विचारत राहिलो. ती कशी आहेत, ते मीही विचारलं नाही."

विसाजीची कारभारकी गेली. कोठारात हरकाची अडीचशे पोती उरली होती, पण त्यांना हात लावायला कुणी धजेना. राजाच्या हुकमाने ती सगळी नदीत ओतली. मग शहरात भूक पसरली.

धान्य पारखणारं दुसरं माणूस आणायला विसाजी आपणहून डोंगर चढून गेला. त्या बाईच्या गावचा म्हातारा पाटील आपल्या दारात बसला होता. विसाजीने त्याचे पाय धरले, सगळं कबूल केलं.

पाटलाने पाय मागे घेतले. "उरलेल्या पोत्यांचं काय केलं?" त्याने विचारलं.

"नदीत ओतली."

"दिलेल्यातली निम्मी पोती मागच्या सालच्या हरकाची होती," पाटील म्हणाला. "चांगला, सुका हरीक. आमी पोटाला चिमटा काढून राखलेला. तुमच्या शिपायांनी भिजलेली बी उचलली, त्यांना सांगत होतो, चांगली वेगळी ठेवा म्हणून. तिनं नुसता हात घालून निवडली असती. तुमचं शहर जगलं असतं."

विसाजीने हात जोडले. तो म्हणाला, "आता कुणीतरी या. आम्ही नीट वागवू. आत बसवू."

पाटलाने मागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांकडे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही.

"तुमच्या राजाची मीठ-भाकरी खाऊन तिनं इमानानं काम केलं," तो म्हणाला. "तिला तुमी दगडांनी मारलं. आता आमच्यातलं कोण येईल? आणि आलं तरी तोंड कशाला उघडील?"

"तिचं नाव तरी सांगा."

"ते आता कशाला पायजे तुमाला?" म्हातारा म्हणाला, आणि उठून आत गेला.

विसाजी रिकाम्या हातांनी खाली उतरला. हळूहळू खाडीकाठचे मापारी आपल्या गावी निघून गेले, पठारावरचे हमाल गेले, रानातले राखणदार गेले. तिच्यावर आज आलं, ते उद्या आपल्यावर येईल, हे त्यांना कळून चुकलं होतं. कोठारात पुन्हा शहरातलीच माणसं उरली. त्या उन्हाळ्यात हरकाने मेली होती त्याच्या तिप्पट माणसं भुकेने मेली, आणि केसोचं घर त्यात सगळंच्या सगळं गेलं. विसाजी जगला. पुढे पुष्कळ वर्षं जगला, आणि ज्याला सांगता येईल त्याला ही गोष्ट सांगत राहिला.

तात्पर्य: माणसाला चाकरीत घेतलं म्हणजे तो आपला झाला असं होत नाही; ज्याचं बोलणं आपण हसण्यावारी नेतो, त्याला आपण दाराबाहेरच ठेवलेलं असतं, आणि त्याची शिक्षा साऱ्या घराला भोगावी लागते.