बनाआत्याचा झटका

“पण आत्या, झटका कधी शिकवणार?”

बनाआत्या लोकर पिंजत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“समोरनं कोण आलं?”

“एक बाई आहे. कंबर धरून चाललीय.”

“कंबर धरून तर समदीच येत्यात. भार कंच्या पायावर टाकत न्हाई?”

मार्तंडनं ते पाहिलं नव्हतं.

“मग झटका कुटं देशील?” आत्या म्हणाली, आणि पुन्हा लोकर पिंजू लागली.

मार्तंडनं दातओठ खाल्ले. असं उत्तर त्याला काही पहिल्यांदा मिळत नव्हतं.

तो कुणी नवशिका नव्हता. शहरात त्याचा स्वतःचा दवाखाना होता, दारावर ‘कायरोप्रॅक्टर’ अशी पाटी होती. झटक्यानं मान वळवून, पाठ दाबून तो मणक्यांचा असा काही आवाज काढायचा की बाहेर बसलेल्यांनासुद्धा ऐकू जाई. वाकून आलेला माणूस त्याच्या टेबलावरून ताठ उठायचा. लोक त्याची चित्रफीत काढून एकमेकांना पाठवायचे.

फक्त एक शिक्षिका होत्या. तीनदा त्यानं त्यांना सरळ केलं आणि तीनदा त्या आठ दिवसांत पुन्हा एका अंगाला कलून आल्या. चौथ्या वेळी आल्या त्या ताठ चालत, निव्वळ भेटायला. माणदेशातल्या एका माळावर कुणी धनगराची म्हातारी आहे, म्हणाल्या. मेंढरांची हाडं बसवता बसवता माणसांची बसवायला लागली.

मार्तंडच्या ते फार जिव्हारी लागलं. दवाखान्याला कुलूप घालून तो माळावर आला.

इथं येऊन जवळपास वर्ष झालं होतं. आत्यानं त्याला अजून एकाही पाठीला हात लावू दिला नव्हता. येणाऱ्याचं चालणं बघायचं, बसणं बघायचं. बरं वाटू लागलेल्यांबरोबर मेंढरांमागं मैल-मैल चालायचं. कुणी पोक काढलं की नुसतं नाव घेऊन हाक मारायची. बस्स.

“वाकडी पाठ उगाच वाकडी नसती,” आत्या सांगायची. “काय तरी चुकवत असती. आदी तिला इचार.”

मार्तंडला ही पळवाट वाटायची. म्हातारीला विद्या द्यायची नाही, एवढंच.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला माळावर धुरळा उडवत जीप आली.

आबा जगदाळे आले होते. एकेकाळचे नावाजलेले पैलवान, आता आसपासच्या पाच गावांचे पुढारी. दोघांनी दोन्ही बगलांत धरून त्यांना खाली उतरवलं. मागं आणखी आठ-दहा माणसं होती.

“आत्ये,” आबा ओरडले, “परवा पोतं उचललं आन् पाठ धरली. दे एक झटका. दुपारी सभा हाय माझी.”

आत्या काठी टेकत उठली. आबांना बाभळीखालच्या घोंगडीवर पालथं निजवेपर्यंत ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

मग मार्तंडकडे वळली.

“घे. हवा हुता न्हवं तुला? दे झटका.”

मार्तंडला क्षणभर खरंच वाटेना.

गर्दी पुढं सरकली. कुणीतरी मोबाइल काढला. मार्तंडनं बाह्या सरसावल्या, गुडघा टेकला आणि दोन्ही तळवे त्या रुंद पाठीवर ठेवले. किती दिवसांनी! बोटांना सगळं आठवत होतं. कमरेच्या खालच्या मणक्याशी स्नायू दगडासारखा झाला होता. इथंच. एक झटका, आणि एवढ्या लोकांसमोर हा पहाड ताठ उभा राहील.

आत्या त्याच्या शेजारी उभी होती. तिच्या काठीच्या टोकाचा आकडा त्याच्या कोपरावर टेकला होता.

त्यानं श्वास घेतला. दाब देण्याआधी सवयीनं नजर खाली गेली... आणि तिथंच थांबली.

आबांच्या एका पायात वहाण होती. दुसरा पाय अनवाणी होता.

मार्तंडनं मागं वळून पाहिलं. दुसरी वहाण तिकडं जीपजवळ पडली होती. तिथून इथपर्यंत पायाच्या बोटांची एक लांब रेघ धुळीत उमटली होती. पाय उचललाच गेला नव्हता.

“आबा, तुमची वहाण कुठंय?”

“पायात आसंल. तू दे की झटका!”

मार्तंडनं हात काढले. तो पायांशी गेला. अनवाण्या चवड्यात बाभळीचा काटा बोटाच्या पेराएवढा रुतला होता. त्यानं तो ओढून काढला. रक्ताचा टपोरा थेंब आला.

आबा हललेसुद्धा नाहीत.

“काही कळलं?”

“काय कळायचंय?”

मार्तंड त्यांच्या कानाशी वाकला. हळूच विचारलं, “आबा, लघवी कधी झाली होती?”

आबांनी गर्दीकडे चोरून पाहिलं.

“...काल दुपारी. नंतर हुईनाच.”

“आणि बसता त्या जागी? तिथं कळतं?”

आबांनी घोंगडीत तोंड खुपसलं. त्या प्रचंड माणसाचा आवाज एकदम बारीक झाला. “मुंग्या येत हुत्या. सकाळपास्नं त्याबी न्हाईत.”

मार्तंड उठून उभा राहिला.

“यांना मी झटका देणार नाही. जीपमध्ये घाला. मोठ्या दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. मणक्यातल्या नसा दबल्यात. उशीर झाला तर पाय जातील.”

गर्दीत खसखस पिकली. “शिकाऊ हाय, भ्यालं.” “आत्ये, तूच बसीव की!”

“कोण रं तू मला सांगणारा?” आबा गरजले. “आत्ये, ह्याला दे हाकलून!”

आत्या मार्तंडच्या समोर आली.

“मी सांगतीया न्हवं? बस खाली. दे झटका.”

“नाही देणार.”

“वरीसभर माज्या दारात जेवलास. माझं ऐकणार न्हाईस?”

“नाही.” मार्तंड जागचा हलला नाही. “जेवलो तुमच्या दारात. पण पाठ त्यांची आहे. आत्या, तुम्हीसुद्धा हात लावायचा नाही. मी लावू देणार नाही.”

तो आबा आणि आत्या यांच्या मध्ये आडवा उभा राहिला. एक तरणाबांड गडी बाजूला ढकलायला आला, तर त्याचा हात मार्तंडनं झिडकारला.

“मारायचं तर मारा. पण नंतर. आधी जीप चालू करा.”

आबांनी मान वळवून धुळीतली ती रेघ पाहिली आणि ते म्हणाले, “चला. न्या मला.”

मार्तंड त्यांच्याबरोबर गेला. रस्ताभर आबांच्या शिव्या खात, त्यांची कंबर दोन्ही हातांनी स्थिर धरून.

तिसऱ्या दिवशी तो माळावर परतला. आबांना नेलं त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली होती. पाय वाचले होते. आबा पायाचा अंगठा हलवू लागले होते. चालायला महिने लागणार होते.

आत्या मेंढरांना पाणी दाखवत होती. मार्तंड थेट तिच्यासमोर उभा राहिला. तीन दिवसांचा राग त्याच्या तोंडावर होता.

“तुम्हाला दिसलं होतं. जीपमधून उतरतानाच दिसलं होतं!”

“व्हय.”

“तरी मला झटका द्यायला सांगितलंत! मी दिला असता तर?”

आत्यानं काठी उचलली. आकडा त्याच्या कोपरात अडकवला आणि सहज मनगट फिरवलं.

मार्तंड धुळीत बसला होता. कसा बसला, ते त्यालाच कळलं नाही.

आत्यानं मेंढरांकडे तोंड फिरवलं. मार्तंडचा हात कोपराकडे गेला; त्या दिवशीही तो आकडा तिथंच टेकला होता.

मार्तंडनं कपडे झटकले नाहीत. राग ओसरला होता, मान मात्र खाली गेली नव्हती.

“गुरूचा शब्द मोडला मी. चारचौघांत. माफी मागणार नाही, आत्या. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन. पण मोडला, हे खरं. तुमचं ऐकलं नाही मी.”

आत्या पहिल्यांदा हसली.

“लेकरा, त्याच दिशी तर पयल्यांदा ऐकलंस.”